ट्रान्सफरच्या आधी ॲक्युपंक्चर घ्यावं का? (पीसीओएस, आयव्हीएफ)

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

वय ३३. इस्लामपूरजवळ राहते, उपचार मिरजेला चालू आहेत. पीसीओएस आहे (हार्मोनचा त्रास, अंडं वेळेवर सुटत नाही), पाळी कधी दीड महिन्याने तर कधी तीन महिन्यांनी. गोळ्या झाल्या, फॉलिक्युलर स्टडीच्या (अंडं वाढतंय का ते बघायच्या सोनोग्राफीच्या) वाऱ्या झाल्या, आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झालं. ह्यांचा रिपोर्ट नॉर्मल आहे (आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल). आता आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करणं. अंडी काढून झाली, गर्भ गोठवून ठेवलेत, पुढच्या पाळीनंतर ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) करू म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. आमच्या आत्तेसासूबाई सांगलीला एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे गुडघ्यांसाठी जातात. त्यांनी तिथे माझा विषय काढला. मला न विचारता, पण ते असो. ते गृहस्थ म्हणाले, "सुनेला घेऊन या, सुयांनी गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो, ट्रान्सफर यशस्वी व्हायचं प्रमाण दीडपट होतं, परदेशात सिद्ध झालंय." बारा सिटिंगचं पॅकेज, अठरा हजार, सगळे आगाऊ. शिवाय ट्रान्सफरच्या दिवशी आधी एकदा नि नंतर एकदा त्यांच्याकडे जायचं. म्हणजे सांगली, मिरज, परत सांगली, मग घर.

आयव्हीएफसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलंय, त्यामुळे अठरा हजार मला काही थोडेथोडके नाहीत. पण मन असं झालंय की उद्या निगेटिव्ह आलं तर "तेवढं एक करायचं राहिलं" असं वाटत राहील. मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं तर फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "करायचं तर करा, नुकसान काही नाही."

याचा खरंच उपयोग होतो का? आणि सिस्टर म्हणाल्या ट्रान्सफरनंतर पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं द्यायची आहेत, तेव्हा सुया चालतात का? कोणी घेतलं असेल तर प्लीज सांगा.

सोनचाफा_जळगाव:

घे गं बिनधास्त! माझ्या मावसबहिणीला पीसीओएसच होता. सात वर्षं लग्नाला झालेली, सगळे डॉक्टर करून थकली. जळगावातच सुया लावून घेतल्या आणि चौथ्या महिन्यात राहिलं. आज मुलगा पहिलीत आहे. डॉक्टर लोक सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसेल ना. श्रद्धा ठेव, होईल सगळं नीट.

शून्यपरिकल्पना:

कृष्णाकाठ, "परदेशात सिद्ध झालंय" हे वाक्य कुठून आलं ते सांगते, कारण माझं पोटच त्यावर चालतं. मी ऐरोलीला एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासते. डॉक्टर नाही. पण आकडे कुठे चोळून गुळगुळीत केलेत ते वासावरून कळायला लागलंय आता.

आधी रक्तपुरवठा. १९९६ साली स्वीडनमध्ये एलिझाबेत स्टेनर-व्हिक्टोरिन या संशोधिकेने सुयांना विजेचा हलका प्रवाह जोडून उपचार दिले आणि गर्भाशयाच्या धमनीतला अडथळा कमी झालेला दिसला असं मांडलं. किती बायकांवर? दहा. तुलनेला दुसरा गट नाही आणि मूल झालं की नाही हा प्रश्नच नव्हता त्यात. या बाईंचं नाव लक्षात ठेव, पुढे परत येणार आहे.

मग २००२ साली जर्मनीतला अभ्यास आला. १६० बायका, सगळ्यांचं ट्रान्सफर. निम्म्यांना ट्रान्सफरच्या आधी नि नंतर २५-२५ मिनिटं सुया, निम्म्या नुसत्या. सुयांच्या गटात ४२.५ टक्के गरोदर, दुसऱ्यात २६.३. मग काय, जगभरच्या आयव्हीएफ सेंटरांच्या शेजारी ॲक्युपंक्चरच्या पाट्या लागल्या. तुला सांगितलेलं "त्या दिवशी आधी एकदा, नंतर एकदा" हे वेळापत्रक तिथलंच आहे. २००८ मध्ये सात अभ्यासांची (१३६६ बायका) एकत्र बेरीज ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, तिच्यातही फायदा दिसला. "दीडपट" बहुतेक तिथून आलंय. तेव्हा तुमचे सांगलीचे गृहस्थ खोटं बोलत नाहीयेत. फक्त त्यांचं वाचन २००८ ला थांबलंय. त्याच गटाने २०१३ मध्ये सोळा अभ्यास घेऊन पुन्हा बेरीज मांडली तेव्हा एकूण फायदा दिसेनासा झाला होता.

असं का झालं? जर्मन अभ्यासात ज्या बाईला सुया मिळाल्या तिला ठाऊक होतं की मिळाल्या, आणि जिला नाही तिलाही ठाऊक होतं. गोळीच्या चाचणीत आपण दुसऱ्या गटाला खडूची गोळी देतो. सुईचं काय करणार? त्यावर उपाय निघाला तो मला फार आवडतो. एक खोटी सुई बनवली, नाटकातल्या सुऱ्यासारखी. टोक बोथट, दाबली की दांडा मुठीत सरकतो, कातडीला टोचल्यासारखं वाटतं, दिसतंही तसंच, पण आत काही जात नाही. बाईला कळत नाही आपल्याला खरी मिळाली की खोटी.

या खोट्या सुईने हाँगकाँगमध्ये ३७० बायकांवर चाचणी झाली, २००९ साली. खऱ्या सुईवाल्या ४३.८ टक्के गरोदर, खोट्या सुईवाल्या ५५.१. हो, उलटं! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, रकाने अदलाबदल झाले की काय. मग २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची मोठी चाचणी आली: १६ सेंटरं, ८४८ बायका, आणि या वेळी मोजलं ते प्रत्यक्ष हातात आलेलं मूल, नुसती सोनोग्राफी नाही. खऱ्या सुयांत १८.३ टक्के, खोट्यांत १७.८. हा फरक म्हणजे काहीच नाही.

यावर ॲक्युपंक्चरची बाजू मांडणारे म्हणतात की खोट्या सुईचा दाबही थोडंफार काम करत असेल. असेलही. पण मग अमुक बिंदू, तमुक वाहिनी, त्यासाठी अनुभवी हात आणि अठरा हजार, हे सगळं कशासाठी? बोथट दांड्याने कुठेही दाबून तेवढंच होत असेल तर आत्तेसासूबाई घरीच दाबतील.

आता पीसीओएस, म्हणजे तुझा खरा विषय. त्यावरची सगळ्यात मोठी चाचणी चीनमध्येच झाली. हार्बिनच्या चिनी वैद्यकाच्या विद्यापीठातल्या लोकांनी पुढाकार घेतला होता, देशभरात २१ ठिकाणी, १००० बायका. आणि संशोधकांत त्याच स्वीडनच्या स्टेनर-व्हिक्टोरिन होत्या. तेव्हा "पाश्चात्त्य डॉक्टरांचा आकस" वगैरे म्हणायची सोय नाही. २०१७ साली निकाल आला. चार गट होते. क्लोमिफीनची (अंडं सुटावं म्हणून देतात ती) गोळी खरी किंवा खोटी, सुया खऱ्या किंवा नावापुरत्या (खांद्यात-दंडात वरवर लावलेल्या). आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, जास्तीत जास्त चार चक्रं.

खरी गोळी, खऱ्या सुया: २९.४ टक्के बायकांना मूल.
खरी गोळी, नावाच्या सुया: २८.०
खोटी गोळी, खऱ्या सुया: १३.९
खोटी गोळी, नावाच्या सुया: १६.८

गोळीने काम केलं, सुयांनी नाही. सुयांनी एक केलं, खऱ्या सुयांच्या गटात काळेनिळे डाग आणि जुलाब जास्त झाले.

सोनचाफा, तुमच्या बहिणीचा आनंद मला कमी करायचा नाही. पण तो शेवटचा आकडा परत बघा. गोळी खोटी, सुया नावाच्या, म्हणजे उपचार जवळजवळ शून्य. तरी शंभरातल्या सुमारे सतरा जणींना मूल झालं. पीसीओएसमध्ये अंडं बनणं बेभरवशाचं असतं, बंद नसतं. एखाद्या महिन्यात ते आपलं आपण सुटतं. त्या सतरा जणींना जर कोणी सांगितलंच नसतं की तुमच्या सुया नावाच्या होत्या, तर सतराही जणी आज कुठे ना कुठे "घे गं बिनधास्त" असंच लिहीत असत्या, आणि अगदी मनापासून. उरलेल्या त्र्याऐंशी लिहायला येत नाहीत. कोण कशाला लिहील?

आता माझं. मी सुया घेतल्या आहेत, भरपूर. दादरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जायचे, औषधाच्या दुकानाच्या वर खोली. मनगटाच्या आत एक, नडगीवर, घोट्याच्या वर, डोक्याच्या मधोमध एक. टोचताना मुंगी चावल्याएवढंच, मग दोन मिनिटांनी घोट्यापाशी एक जडपणा उतरायचा, कोणी ओला टॉवेल पिळून ठेवल्यागत. पंखा कुरकुरायचा. फोन बाहेर टोपलीत ठेवायला लावायचे. त्या अर्ध्या तासात मला जी झोप लागायची तशी त्या वर्षांत घरी कधी लागली नाही, कारण घरी कोणी ना कोणी विचारायचंच, "काय, काही बातमी?" तिथे कोणी विचारायचं नाही. बॉस्टनच्या एका अभ्यासातही हेच दिसलं, २००९ साली, १५० बायका: गरोदर राहण्यात फरक नाही, पण सुयावाल्यांची धाकधूक कमी होती.

मला मुलगी आहे. सुया बंद केल्यानंतर बऱ्याच काळाने झाली. सुयांना श्रेय द्यायचं तर त्याच वर्षी घेतलेल्या फ्रिजलाही द्यावं लागेल.

तेव्हा विश्रांती म्हणून, परवडत असेल तर, एक-एक सिटिंगचे पैसे देऊन जा. मूल होण्यासाठी म्हणून आगाऊ अठरा हजार, तेही कर्जातले, मी देणार नाही. ट्रान्सफरच्या दिवशी त्या सांगली-मिरज चकरा तर मुळीच नकोत.

रानभूल:

शून्यपरिकल्पना यांना +१. "उरलेल्या त्र्याऐंशी लिहायला येत नाहीत" हे दुधी भोपळ्याच्या रसापासून सगळ्याला लागू आहे.

एक जोड देतो. बायको पीसीओएसची, तिला आमच्या डॉक्टरांनी क्लोमिफीनऐवजी लेट्रोझोल दिलं होतं. २०१४ साली अमेरिकेत ७५० बायकांवर दोन्हींची तुलना झाली, लेट्रोझोलवर २७.५ टक्के बायकांना मूल, क्लोमिफीनवर १९.१. आपल्याकडे मधली काही वर्षं या कामासाठी त्याच्यावर बंदी होती, २०११ पासून. म्हणून जुन्या ओळखीतल्या बायका फक्त क्लोमिफीनचं नाव घेतात. तुम्ही ट्रान्सफरच्या टप्प्यावर आहात म्हणजे आता उपयोग नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना कामी येईल. अठरा हजारांची उडी मारण्याआधी हे विचारा.

नाडी_आणि_सुई:

मी कोल्हापुरात ॲक्युपंक्चर करतो, त्यामुळे माझं म्हणणं कोणत्या खुर्चीत बसून येतंय ते आधी सांगून टाकतो.

वरचे आकडे बरोबर आहेत. मान, पाठ, गुडघा, अर्धशिशी यावर मी रोज काम करतो आणि माणसं बरी वाटून जातात. मूल होईल असं आश्वासन मी देत नाही. कोणी आलंच तर सांगतो, डॉक्टरांचे उपचार चालू ठेवा, एकही गोळी बंद करू नका. असं म्हणणारे आमच्यात बरेच आहेत, पण पाट्या दुसऱ्यांच्या मोठ्या असतात.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही म्हणून लिहितोय. हेपरिनची, म्हणजे रक्त पातळ करायची, इंजेक्शनं चालू असताना सुई लावली तर डाग पडतात, रक्त थोडं जास्त येतं. वरवरच्या सुईने फार बिघडत नाही, पण पोटावर मी लावणार नाही. तिथे तुम्ही आधीच रोज टोचून घेणार. इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी, तीही रक्त पातळ करते) चालू असेल तर तेही सांगा. पुष्कळजणी सांगतच नाहीत, "ती काय, छोटी गोळी आहे" म्हणतात.

आता एक गंमत. त्या प्रसिद्ध जर्मन पद्धतीत ट्रान्सफरनंतर लावायच्या बिंदूंत दोन असे आहेत: हेगू, म्हणजे अंगठा नि तर्जनीच्या बेचक्यातला, आणि सानयिनजियाओ, घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर. आमच्या जुन्या शिकवणीत हे दोन्ही गरोदर बाईला वर्ज्य. मला शिकवणाऱ्यांनी तर पहिल्याच दिवशी ते हातावर पेनाने काढून दाखवले होते, "इथे पोटुशीला हात लावायचा नाही." त्या बिंदूंनी गर्भ पडतो याला पुरावा आहे असं मी म्हणत नाही. पण परंपरेच्या नावाने विकायचं आणि परंपरेनेच नको म्हटलेले बिंदू टोचायचे, हे मला पटत नाही. ट्रान्सफरनंतर बीटाचा (गरोदरपणाच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट येईपर्यंत मी कोणालाच हात लावत नाही. पेशंट जातो, जाऊ दे.

कुठेही जाणार असाल तर दोन गोष्टी बघा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा, भिंतीवर नुसती रंगीत सर्टिफिकेटं बघू नका. आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. स्टीलच्या डबीतून काढून स्पिरिटने पुसलेली सुई दिसली की चपला घालायच्या.

(अवांतर: आमच्या क्षेत्रात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव भक्तिभावाने घेतात. पण ते शल्यचिकित्सक होते, भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले, तिथे सैनिकांच्या शस्त्रक्रिया करत १९४२ मध्ये तिथेच वारले. ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणलं ते त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, १९५० च्या दशकाच्या शेवटाला. कोटणीसांच्या फोटोखाली बसून कोणी पॅकेज विकत असेल तर हे विचारून बघा.)

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे खूप आभार. शून्यपरिकल्पनाताई, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. फ्रिजवर फार हसले, बऱ्याच दिवसांनी.

एकच शंका. हे अभ्यास ताज्या गर्भाचे दिसतायत. माझे गोठवलेले आहेत, त्यात काही वेगळं?

आणि दुसरी अडचण आकड्यांची नाही. आत्तेसासूबाईंनी सांगलीला शब्द टाकून ठेवलाय, सोमवारी जायचं ठरवलंय. त्यांना १८.३ आणि १७.८ काय सांगू? वाईट नाहीत हो त्या. माझ्या अंडी काढायच्या दिवशी डबा घेऊन त्याच आल्या होत्या.

शून्यपरिकल्पना:

प्रश्न बरोबर आहे. त्याच हाँगकाँगच्या गटाने २०१० मध्ये गोठवलेल्या गर्भांवर वेगळी चाचणी केली, २२६ बायका, पुन्हा खरी सुई विरुद्ध खोटी. फरक नाही.

आत्तेसासूबाईंना आकडे सांगूच नको. सांग की पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू होणार आहेत आणि कोल्हापूरच्या एका ॲक्युपंक्चरवाल्यांनीच बीटा येईपर्यंत सुई नको म्हटलंय. नाडी_आणि_सुई, तुमचं नाव वापरतेय, चालेल ना? त्यांच्याच पंथातल्या माणसाने नको म्हटलं की त्या ऐकतील, माझं नाही ऐकणार. आणि सोमवारी त्यांच्याबरोबर सांगलीला जरूर जा, त्यांचे गुडघे दाखवायला. तेवढ्यात गळ घातलीच तर एका सिटिंगचे पैसे विचार, मान-पाठ धरली असेल तर घेऊन टाक. ट्रान्सफरला अजून अवकाश आहे.

त्यांनी तुझ्या नावाने आधीच काही पैसे भरलेत का, ते मात्र आजच विचार. भरले असतील तर पावती घे आणि उरलेल्या सिटिंग त्यांच्या गुडघ्यांच्या खात्यात वळवायला सांग.

नाडी_आणि_सुई:

चालेल, खुशाल सांगा. गुडघ्यांना दहा-बारा सिटिंग लागतातच.